एकाच बाजूचा खळगा

गादी उसवायच्या दिवशी या घरात कुणी घाईनं बोलत नसे. बोलायला तोंड उघडलं की कापूस आत जातो, हे एक कारण. शिवाय अर्धं शटर ओढलेल्या कारखान्यात, दुपारच्या उजेडात, पिंजायच्या यंत्राची घरघर ऐकता ऐकता सगळ्यांनाच थोडी गुंगी यायची. लोकांना मऊ झोपवणारं हे घर स्वतः वर्षभर दगडावर झोपायचं. मोठ्या ऑर्डरी हातावेगळ्या झाल्या की वर्षातून एकदा घरच्या गाद्या वरच्या मजल्यावरून खाली यायच्या, लांब टेबलावर पडायच्या आणि उसवून नव्यानं भरल्या जायच्या. ही पद्धत बाबांनी घातली होती. बाबा गेले, पद्धत राहिली.

नियम एकच होता. आपली गादी आपण उसवायची नाही. थोरल्याची धाकट्यानं उसवायची, धाकट्याची थोरल्यानं. आईची गादी मात्र बाबा गेल्यापासून खाली आली नव्हती. थोरल्यानं एकदा तो विषय काढला होता, तेव्हा आईनं त्याच्याकडे नुसतं बघितलं होतं. त्यानंतर कुणी तो काढला नाही.

सकाळी थोरल्याची गादी झाली होती. तिच्या मधोमध एवढा उंचवटा निघाला होता की थोरल्याची बायको म्हणाली, "डोंगर आहे नुसता. हे त्या गावचे, मी या गावची." सगळे हसले. दोन माणसं झोपतात तिथे दोन खळगे पडतात आणि मधे उंचवटा राहतो, त्यात नवल काही नव्हतं.

आता धाकट्याची गादी टेबलावर आली. थोरलीनं बाह्या सरसावून दोन्ही तळवे तिच्यावर टेकवले. उसवण्याआधी हात फिरवून खळगे शोधायचे आणि तिथे खडूनं खूण करायची, म्हणजे कापूस कुठे जास्त घालायचा ते कळतं. हे तिला सासऱ्यांनी शिकवलं होतं, आणि आता घरात तिच्याइतका तयार हात कुणाचा नव्हता. डोळे अर्धवट मिटून ती हात सरकवत गेली. भिंतीकडच्या बाजूला खांद्याचा खळगा लागला, मग कमरेचा. दीर झोपतो तस्सा, उताणा, हातपाय पसरून. हात अलीकडच्या बाजूला आला आणि थांबला. तिथे काहीच नव्हतं. गेल्या वर्षी भरली तेव्हा होती तशीच फुगलेली, टाकासुद्धा सैल झाला नव्हता.

थोरली हसली. काही वेगळं दिसलं की आधी हसायचं आणि मग विचार करायचा, हा तिचा स्वभावच होता.

"अगं ए चष्मेवाली," ती म्हणाली, "तू झोपतेस कुठे? हवेत?"

धाकटी खिडकीपाशी बसून दाभणात सुतळी ओवत होती. चष्म्याच्या दुकानात ती लोकांचे डोळे तपासायची, म्हणून ती चष्मेवाली. लग्नानंतरही तिनं ती नोकरी सोडली नाही आणि कारखान्यात पूर्णवेळ हातभार लावला नाही, हे थोरलीच्या मनात अजून सलत होतं. आज मात्र ती सुट्टी घेऊन आली होती.

"आतल्या खोलीत झोपते, वहिनी," ती म्हणाली. "जमिनीवर. आतून कडी लावून. वर्ष होत आलं."

यंत्र चालू होतं तरी सगळ्यांना ऐकू गेलं. धाकट्यानं खटका दाबून यंत्र बंद केलं. हवेतला कापूस तसाच तरंगत राहिला.

"कडी?" थोरला कात्री हातात घेऊन उभा होता. "घरात कडी कशाला? चोर शिरलाय का?"

"भाऊजी, ही गादी मधून कापा," धाकटी शांतपणे म्हणाली. "एका माणसाच्या मापाची करा. संध्याकाळी माझा भाऊ गाडी घेऊन येतोय. मी त्याच्याबरोबर जातेय."

*

ती आज जाणार हे धाकट्याला माहीत होतं. फक्त संध्याकाळ व्हावी, भाऊ यावा, तिनं निघून जावं आणि मग आपण सांगावं, अशी त्याची भाबडी आशा होती. खळग्यावरून पकडलो जाऊ हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. गादीवाल्याच्या पोरानं एवढं तरी ओळखायला हवं होतं.

"तिला काही बोलू नकोस, दादा," तो म्हणाला. "ती कडी माझ्यासाठी आहे."

"म्हणजे?"

"आई, तू जरा वर जातेस?"

"मी इथेच बसते," आई म्हणाली. ती उशीच्या तोंडाला टाके घालत होती. तिनं मान वर केली नाही.

धाकट्यानं अंगावरचा कापूस झटकला. खरं तर झटकण्यासारखा फारसा नव्हता.

"मी झोपेत हिच्या अंगचटीला जातो. जबरदस्तीनं. ही नको म्हणते, ढकलते, मला ऐकू येत नाही. सकाळी उठतो आणि चहा मागतो. मला त्यातलं काही म्हणजे काही आठवत नाही. हिनं पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मला वाटलं, हिला स्वप्न पडलं."

थोरला सुटल्यासारखा हसला. "एवढंच? अरे, मला वाटलं काय झालं! लग्नाची बायको आहे तुझी. नवरा-बायकोत असल्या गोष्टींचा बाऊ…"

"अहो, गप्प बसा," थोरली म्हणाली.

"मी काय चुकीचं बोललो?"

"भाऊजी, जागेपणी हा असा नाही," धाकटी म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण दाभण तिनं घट्ट धरलं होतं. "जागेपणी हा माझा हात धरायच्या आधी माझ्या तोंडाकडे बघतो. रात्री येतो त्याला मी ओळखत नाही. हाक मारली तर ओ देत नाही. डोळे उघडे असतात, माझ्याकडेच असतात, आणि त्यांना मी दिसत नाही. अशा माणसाखाली सापडलेय मी. बाऊ नाही हो करत. घाबरलेय."

थोरलीला तिचं मनगट आठवलं. मागे धाकटी मनगटाला पट्टी बांधून हिंडत होती. दुकानातलं कपाट लागलं म्हणाली होती, आणि थोरलीनं शेजारणीला सांगितलं होतं, कामचुकारपणाला निमित्त मिळालं बघा. आता तिला स्वतःची लाज वाटली. ती टेबलाला वळसा घालून गेली आणि जावेच्या शेजारी, कापसाच्या गठ्ठ्यावर बसली. बसताना तिनं नवऱ्याकडे असं बघितलं की त्यानं कात्री खाली ठेवली.

"डॉक्टर-बिक्टर?" तिनं दिराला विचारलं.

"झोपेच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. रात्रभर डोक्याला तारा लावून झोपवलं. ते म्हणाले, काही माणसं झोपेत चालतात, काही जेवतात, तसाच हा प्रकार. शरीर उठतं, मन झोपलेलंच राहतं. जागरणं झाली, झोपेचं वेळापत्रक बिघडलं, पिऊन झोपलं, की जोर धरतं."

"वसतिगृहाच्या गाद्यांची ऑर्डर आली तेव्हा याला रात्रपाळीला कुणी बसवलं होतं?" थोरली नवऱ्याला म्हणाली. "आणि ऑर्डर संपल्यावर बाटली कुणी आणली होती?"

"मला काय स्वप्न पडलं होतं?" थोरला पुटपुटला. पण तो खुर्चीत बसला, आणि बसल्यावर जरा लहान दिसायला लागला.

"डॉक्टरांनी आणखी एक विचारलं," धाकटा म्हणाला. "घरात आणखी कुणाला आहे का? वडिलांना, काकांना? हे कधीकधी रक्तात असतं म्हणे. मी म्हटलं, नाही."

आईची सुई उशीत अडकली. ती तशीच राहिली.

"इलाज आहे?" थोरलीनं विचारलं.

"आहे. वेळेवर झोपायचं, गोळी घ्यायची, दारूला शिवायचं नाही, खोल्या वेगळ्या ठेवायच्या, दाराला घंटी लावायची. बऱ्याच जणांचं आटोक्यात येतं म्हणाले."

"मग तू जातेस कशाला गं?"

कापसाचा एक पुंजका धाकटीच्या केसांवर येऊन बसला, तो थोरलीनं काढला.

"तारा लावल्या त्या रात्री हा नुसता उठून बसला आणि परत पडला," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, तसंच दिसतंय, पण रात्र एकच बघितली. मी रोज लोकांना विचारते, हे अक्षर दिसतं का? न दिसणारेसुद्धा ठोकून देतात. ठोकून दिलेलं मला लगेच कळतं. याचंच कळत नाही. हा खरंच झोपलेला असेल तर मी सगळं करीन, वहिनी. आजारी माणसाला कोण टाकून जातं? पण झोपेचं सोंग असेल तर? मग मी कोणाबरोबर राहतेय? मला कुणीतरी खात्रीनं सांगा. हे बघितलेलं, सोसलेलं दुसरं माणूस आहे का कुठे?"

धाकटा तिच्याकडे बघत होता. सोंग नाही हे त्याचं त्यालाही कुठे सांगता येत होतं? तो तिथे नव्हताच.

*

आईला कापसातून सगळं धूसर दिसत होतं. टेबल, मुलगे, सुना, सगळे लांबच्या खोलीत बसल्यासारखे. त्या खोलीत कुणीतरी सारखं तेच वाक्य म्हणत होतं: शरीर उठतं, मन झोपलेलंच राहतं.

याच टेबलाशी मुलांचे बाबा उभे असायचे. दिवसभरात "टाका लांब पडला" आणि "चहा टाक" याच्या पलीकडे शब्द नाही. तिला हाक मारायची झाली तर "अगं". बाहेरचे म्हणायचे, कसा संसार करतेस गं या मुक्या माणसाबरोबर? आणि ती आतल्या आत हसायची, कारण बाहेरच्यांना रात्र माहीत नव्हती. कधीकधी, सगळं निजल्यावर, तो मुका माणूस तिच्याकडे वळायचा, केसांत तोंड खुपसायचा आणि म्हणायचा, चिमणे. दिवसा कधी नाही, फक्त तेव्हा. सकाळी ती चहात साखर जरा जास्त घालायची आणि त्यांच्याकडे बघायची, तर ते कपात बघत असायचे. एकदा धीर करून तिनं विचारलं होतं, काल मला काय म्हणालात? ते म्हणाले, मी? मी तर ठार झोपलो होतो. किती लाजावं माणसानं, असं तिला वाटलं होतं, आणि फार आवडलं होतं. त्या एका शब्दावर तिनं उभा संसार रेटला. ते गेल्यावरही तो शब्द तिच्यापाशी होता.

आता गप्प बसलं तर तो शब्द तसाच राहणार होता. कुणाला काही कळणार नव्हतं. संध्याकाळी गाडी येईल, धाकटी जाईल, आणि आपला पोरगा स्वतःलाच घाबरत एकटा झोपेल. आणि आपण वर, आपल्या गादीवर, चिमणे हा शब्द उराशी धरून.

तिनं अडकलेली सुई ओढून काढली आणि उशी बाजूला ठेवली.

"तुझ्या बाबांना होतं," ती म्हणाली.

"काय?" थोरला उठलाच. "आई, काहीतरी काय बोलतेस! बाबांबद्दल?"

"बायको मी होते त्यांची. तू नव्हतास," आई म्हणाली. "खाली बस."

थोरला बसला. थोरलीला या घटकेलाही हसू आलं आणि तिनं ते गिळलं.

"मला कुणी विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही. असल्या गोष्टी विचारतं कोण?" आई धाकटीकडे वळली. "एकदा मी तापानं फणफणले होते. ते आले. मी नको म्हटलं, रडले, त्यांना काही पोचलं नाही. त्यांचं कोपर लागून माझा ओठ फुटला. आणि सकाळी, ऐक हं मी काय सांगतेय, सकाळी त्यांनी मला विचारलं, अगं, ओठाला काय झालं? कुठे आपटलीस? स्वतः जाऊन बर्फ आणला. सोंग करणारा माणूस ओठाकडे बघत नाही गं. तो दुसरीकडे बघतो. हे दिवसभर ओठाकडे बघत होते. मी सांगितलं, दाराची चौकट लागली."

धाकटीनं दाभण खाली ठेवलं.

"यानंही विचारलं," ती हळूच म्हणाली. "मनगट हातात घेऊन. दिवा जवळ ओढून बघितलं. मी म्हटलं, कपाट लागलं. तर दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन कपाटाच्या कडेला फोम चिकटवून गेला."

"ते माझ्यामुळे होतं? आणि मी कपाटाला फोम लावला?" धाकटा म्हणाला. "हो. लावला." आणि त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

आईनं त्याला रडू दिलं.

"मला त्याच दिवशी कळलं होतं," ती मग म्हणाली. "मीच स्वतःला कळू दिलं नाही. इतर वेळी मला भीती नव्हती वाटत. बरं वाटायचं. मला वाटायचं, दिवसा बोलता येत नाही या माणसाला, तो रात्री बोलतो. तेवढंच तर बोलायचे." ती धाकटीकडे सरकली. "पण मला बरं वाटायचं म्हणून तू सोसायचं, असं मी सांगत नाहीये. उलटंच सांगतेय. तू घाबरलीस ते खरं, कडी लावलीस ते चांगलं केलंस. मलाही त्या रात्री कडी हवी होती. आणि हा झोपलेला असतो, तेही खरं. दोन्ही खरं आहे. आता तुला काय करायचं ते तू ठरव."

धाकटी बराच वेळ सासूकडे बघत राहिली. दुकानात ती लोकांच्या डोळ्यांत बघायची, तशीच. मग तिनं फोन उचलला.

"आज नको येऊस," ती भावाला म्हणाली. "नाही रे, मिटलं-बिटलं नाही. कळलं थोडंसं. गाडीची टाकी भरून ठेव, लागली तर सांगीन."

फोन ठेवून ती नवऱ्यापाशी गेली. अगदी जवळ नाही. हात पोचेल एवढ्या अंतरावर.

"कडी राहणार," ती म्हणाली. "माझ्या बाजूनं. तू गोळी घेणार, वेळेवर झोपणार, दाराला घंटी लावणार. बाटली या घरात येणार नाही. आणि एवढं करूनही पुन्हा झालं, तर मी जाईन. आजार असला तरी जाईन. चालेल?"

"चालेल," धाकटा म्हणाला. "आई, हे डॉक्टरांना सांगायला येशील माझ्याबरोबर?"

"येईन की. आता काय राहिलंय लपवायला?"

"रात्रपाळी मी करतो," थोरला खुर्चीतून म्हणाला. "यापुढे. मला तसंही झोप लागत नाही. डोंगरावरून खाली पडायची भीती असते."

थोरलीनं त्याच्याकडे कापसाचा गोळा फेकला. आज प्रथमच तो तिला जरा बरा वाटला.

"मग कापू ना?" त्यानं कात्री उचलली.

"कापा, भाऊजी," धाकटी म्हणाली. "पण दोन करा."

*

दोन्ही गाद्या भरून झाल्या तेव्हा ऊन टेबलाच्या कडेला आलं होतं. थोरली खडूचे हात पुसत होती, तेवढ्यात आई म्हणाली, "आता माझी आणा खाली."

मुलांनी एकमेकांकडे बघितलं. मग दोघं मिळून वर गेले आणि ती गादी घेऊन आले. जिन्यात ती त्यांनी इतकी सांभाळून उतरवली की आईच शेवटी म्हणाली, "अरे, कापूस आहे तो."

थोरलीनं गादीवर तळवे ठेवले आणि डोळे मिटले. सासऱ्यांनी शिकवलेला हात सासऱ्यांच्याच खळग्यावर फिरवायचा म्हणजे तिला कसंतरीच होत होतं. एकीकडे आईचा खळगा होता, ताजा. दुसरीकडे त्यांचा, जुना, कडक झालेला.

"कसे झोपायचे?" आईनं विचारलं. "माझ्याकडे तोंड करून?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण आज या टेबलाशी ते कुणाच्या तोंडून निघालं नसतं.

"नाही हो, आई. उताणे. छताकडे बघत."

"मला वाटलंच," आई म्हणाली.

थोरलीचा हात पुढे सरकला, दोन्ही खळग्यांच्या मधे. ती तिथे थांबली, परत मागे गेली, परत आली. मग तिनं डोळे उघडले.

"आई, इथे हात लावा."

आईनं हात लावला. प्रत्येक जोडप्याच्या गादीत मधे राहतो तो उंचवटा तिथे नव्हता. त्यांच्या खळग्यापासून तिच्या खळग्यापर्यंत कापूस सपाट दबलेला होता, वर्षानुवर्षं कुणीतरी त्यावरून येत राहिल्यासारखा.

आईनं तळवा तिथेच ठेवला.

"झोपेत का होईना," ती म्हणाली, "यायचे."

बाहेर रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. आईनं हात काढून घेतला, थोरल्याकडून कात्री मागून घेतली आणि ती धाकटीच्या हातात दिली.

"घे," ती म्हणाली. "आपली आपण उसवायची नसते."

धाकटीनं पहिला टाका उसवला.